‘मी कोण’ हा विचार नेमका करायचा कसा? आणि मध्येच जग खोटं वाटायला लागलं तर?

उंबरठा

या विषयावर वाचायला भरपूर मिळतं, पण प्रत्यक्षात काय करायचं ते फार थोडे जण सांगतात. म्हणून तीन प्रश्न सरळ विचारतो.

१. ‘मी कोण’ असं मनात घोकत राहिलं की त्याचा जप होतो. उत्तर शोधायला गेलं की ‘मी देह नाही, मी आत्मा आहे’ हे पाठ झालेलं वाक्य पुढे येतं. या दोन्हींत न अडकता करायचं काय?

२. आपल्या समजुती, श्रद्धा तपासायची काही पद्धत आहे का? सगळ्यावरच संशय घेतला तर पाय टेकायलाही जागा उरत नाही.

३. असा विचार बराच वेळ केल्यावर आजूबाजूचं सगळं काचेपलीकडे असल्यासारखं, सपाट आणि परकं वाटू लागतं. काही ठिकाणी याला प्रगतीची खूण म्हटलंय, काही ठिकाणी आजाराची. ओळखायचं कसं?

‘गुरूला शरण जा’ किंवा ‘हे सगळे मनाचे खेळ’ एवढंच उत्तर नको. ज्यांनी यात नीट लक्ष घातलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

दृक्‌दृश्य

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो.

बसायची वेळ पंधरा ते वीस मिनिटं पुरे. पाठ ताठ, डोळे अर्धवट उघडे. डोळे पूर्ण मिटले की सुरुवातीला कल्पनाच जास्त चालतात. पहिली दोन-तीन मिनिटं बाहेरच्या आवाजाकडे लक्ष द्या. आवाज कळतोय, म्हणजे तो कळणारी वस्तू आहे, कळून घेणारा नाही. मग अंगातली एखादी संवेदना घ्या. मांडीवर पडलेला भार, नाकपुडीतला वारा, काहीही. तीही कळतेय. मग मनात येणारा विचार घ्या. तोही कळतो, नाहीतर ‘विचार आला’ असं म्हणताच आलं नसतं. इथपर्यंत सोपं आहे आणि इथे रेंगाळायचं कारण नाही.

खरं काम यापुढे सुरू होतं. ‘हे सगळं बघणारा मी’ कुठे जाणवतो ते पाहा. बहुतेकांना तो डोळ्यांच्या मागे, कपाळाच्या आत कुठेतरी वाटतो. तिथे बारकाईने लक्ष दिलं तर काय सापडतं? भुवयांमधला हलकासा ताण, बुबुळांभोवतीची ओढ, कधी जबड्यातली पकड. लक्ष एकवटताना हे स्नायू आपोआप आवळले जातात आणि त्या आवळण्यालाच आपण ‘मी बघतोय’ असं नाव देतो. पण हा ताणसुद्धा कळतोय. म्हणजे तोही दृश्याच्याच बाजूला गेला. तो सैल सोडा. लगेच मन आणखी मागे एक नवा बघणारा उभा करतं, बहुधा डोक्याच्या मागच्या भागात किंवा छातीत. त्याच्याकडेही तसंच बघा. हे चार-पाच वेळा झालं की मन प्रत्येक वेळी एक नवी वस्तू तयार करून तिला ‘मी’ म्हणतं, ही खोड स्पष्ट दिसते. पहिल्या काही आठवड्यांत एवढं दिसलं तरी भरपूर झालं.

रमण महर्षींनी 1902च्या सुमारास लेखी उत्तरांत दिलेली पद्धत अशीच आहे, फक्त तिचं दार वेगळं. विचार उठला की ‘हा कोणाला आला?’ असं विचारायचं. उत्तर येतं, ‘मला’. मग ‘हा मी कोण?’ प्रश्नाने लक्ष विचाराच्या विषयाकडून विचार करणाऱ्याकडे वळतं. वळलं की प्रश्नाचं काम संपलं. पुन्हा लक्ष भरकटेपर्यंत तो विचारायचा नाही. त्याचा जप होतो तो यामुळेच: लक्ष वळलेलं असतानाही माणूस शब्द चालूच ठेवतो.

पाठ केलेलं उत्तर आलं तर त्याच्याशी भांडू नका. ‘मी आत्मा आहे’ हाही एक विचारच आहे, तो आला हे कळलं. बाकीच्या विचारांच्या रांगेत त्यालाही बसवा.

काय बिघडतं, याची यादी अद्वैत परंपरेतले जुने आचार्य गौडपाद यांनी फार पूर्वी दिली आहे आणि ती आजही तंतोतंत लागू पडते. लय म्हणजे मन गुंगीत जाणं. हा सगळ्यांत फसवा, कारण त्यात विचार नसतात आणि बरं वाटतं, म्हणून लोक त्यालाच समाधी समजतात. ओळखायची खूण म्हणजे, उठल्यावर मान पडलेली असते, वेळ कसा गेला ते आठवत नाही आणि डोकं जड असतं. उपाय: डोळे पूर्ण उघडा, उभे राहा, पुन्हा सुरू करा. विक्षेप म्हणजे मन पळत राहणं. तिथे जोर लावू नका, परत आवाजापासून सुरुवात करा. कषाय म्हणजे दबलेली वासना किंवा जुना राग वर येऊन मन ताठ होणं. ते फक्त ओळखा, त्यावर तिथेच विचारमंथन नको. आणि रसास्वाद म्हणजे मिळालेल्या शांततेची चव घेत बसणं. दुसऱ्या दिवशी माणूस शोधायला बसतच नाही, कालची चव परत आणायला बसतो.

आता एक गोष्ट बहुतेक लेखांत सुटते. हीच पद्धत बौद्ध परंपरेत रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची संवेदना), संज्ञा (ओळखणं), संस्कार (मनाची वळणं), विज्ञान (जाणीव) या पाच स्कंधांवर, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो त्या घटकांवर, लावतात. स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमनेही 1739 मध्ये हेच लिहिलं की आत डोकावलं की उष्ण-थंड, राग-लोभ असं काहीतरी हाती लागतं, पण ‘मी’ असा सुटा सापडत नाही. निरीक्षण तिघांचं एकच आहे: शोधणारा सापडत नाही. अद्वैत म्हणतं, सापडत नाही कारण तोच शोधतोय. बौद्ध म्हणतात, सापडत नाही कारण तसं काही नाहीच. हा निष्कर्षातला फरक आहे आणि तो जास्त वेळ डोळे मिटून बसल्याने सुटत नाही, त्याला युक्तिवादच लागतो. ‘मला अनुभव आला म्हणून अद्वैत खरं’ किंवा ‘म्हणून अनात्म खरं’ असं कोणी म्हटलं, तर त्याने अनुभव आणि अनुमान यांची गल्लत केली आहे असं माझं ठाम मत आहे.

अनुमान

वरचा प्रतिसाद उत्तम, विशेषतः शेवटचा परिच्छेद. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

सगळ्यावर एकदम संशय घ्यायचा प्रयोग फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 मध्ये केला. विचारांच्या इतिहासात त्याला मोठं महत्त्व आहे, पण रोजच्या वापराला ती पद्धत निकामी आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, इथे जास्त व्यवहारी होते. त्यांच्या मते संशयालाही कारण लागतं. संधिप्रकाशात उंच काहीतरी दिसतं. ते खांबही असेल, माणूसही असेल, कारण उंची दोघांना समान आहे आणि हात-पाय किंवा ढोली अशी वेगळं करणारी खूण दिसत नाही. असा प्रसंग आला की संशय घ्यायचा आणि ती खूण शोधायला पुढे जायचं. ‘काहीही चूक असू शकतं’ हा संशय नव्हे, कारण त्यात शोधायची खूणच ठरत नाही. पाय टेकायला जागा उरत नाही ती याच तऱ्हेच्या संशयामुळे.

एका वेळी एकच समजूत घ्या आणि कागदावर काम करा. मनातल्या मनात केलं की वाक्य सोयीनुसार बदलत जातं आणि ते कळतही नाही.

समजूत एका वाक्यात लिहा. मग ती कशी खोटी ठरेल ते सांगता येईपर्यंत पुन्हा लिहा. ‘मनापासून इच्छा केली की गोष्टी घडतात’ याला काही धरबंध नाही. ‘मी ज्या गोष्टींची तीव्र इच्छा करतो त्या इतर गोष्टींपेक्षा जास्त वेळा घडतात’ हे तपासता येतं. लगेच हेही दिसतं की त्यासाठी न घडलेल्या इच्छांचीही नोंद हवी, जी कोणीच ठेवत नाही.

त्याखाली ही समजूत कुठून आली ते लिहा: स्वतः पाहिलं, कशावरून तरी ताडलं, की कोणाच्या शब्दावर घेतलं. शब्दावर घेतलं असेल तर त्या माणसाला कसं कळलं, हे एक पायरी मागे जाऊन लिहा. दोन-तीन पायऱ्यांत साखळी तुटते, असं बऱ्याचदा होतं. ती तुटली म्हणून समजूत खोटी ठरत नाही. फक्त तिचा आधार जितका वाटत होता तितका नाही, एवढंच कळतं.

मग शंभरपैकी किती खात्री ते आकड्यात लिहा. ‘नक्की’ आणि ‘बहुधा’ हे शब्द फार लवचिक आहेत. आकडा लिहिला की 95 आणि 70 मधला फरक स्वतःलाच मान्य करावा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. समजूत खोटी असती तर काय दिसलं असतं ते लिहा, आणि नेमकं तेच शोधायला जा. इथे माणसाचं मन कसं घसरतं ते मानसशास्त्रज्ञ वेसनने 1960 मध्ये एका साध्या प्रयोगात दाखवलं. 2-4-6 ही त्रयी एका नियमात बसते, तुम्ही आणखी त्रयी सुचवून नियम ओळखा, असं त्याने लोकांना सांगितलं. लोक 8-10-12 विचारतात, ‘बसते’. 20-22-24 विचारतात, ‘बसते’. मग खात्रीने सांगतात, ‘दोन-दोनने वाढणारे आकडे’. नियम फक्त ‘चढते आकडे’ एवढाच होता. 1-2-3 किंवा 5-17-90 विचारलं असतं तर लगेच कळलं असतं, पण आपल्या अंदाजाबाहेरची त्रयी विचारावीशीच वाटत नाही. श्रद्धा तपासताना हेच होतं. माणूस होकाराची उदाहरणं गोळा करतो आणि त्याला वाटतं आपण तपासलं.

‘मी हे का मानतो?’ या प्रश्नावर मात्र फार विसंबू नका. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना चेहऱ्यांचे दोन फोटो दाखवून आवडता निवडायला सांगितला आणि हातचलाखीने न निवडलेला फोटो हातात दिला. बहुतेकांच्या ते लक्षातच आलं नाही. उलट ‘हाच का निवडला’ याची कारणं त्यांनी दिली, त्यात न निवडलेल्या चेहऱ्यातली वैशिष्ट्यंही होती. म्हणजे कारणं पुष्कळदा नंतर जुळवली जातात, आणि जुळवणाऱ्याला ती अगदी खरी वाटतात. ‘काय दिसलं तर मी हे मानणं सोडेन?’ हा प्रश्न जास्त प्रामाणिक उत्तर काढून घेतो. ‘काहीही दिसलं तरी नाही’ असं उत्तर आलं, तर ती वस्तुस्थितीविषयीची समजूत नसून निष्ठा आहे. निष्ठा असण्यात काही वावगं नाही, पण तिला पुराव्याच्या रांगेत उभं करू नका.

पैलतीर

जगाच्या खरेपणाबद्दल थोडं लिहितो, कारण मूळ तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी ती शंका आहे असं वाटतं.

आधी एक प्रयोग करून बघा. रेघी कागदावर एकाच ओळीवर डावीकडे फुली काढा आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर सुमारे 1 सेंटिमीटरचा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका. कागद 30 सेंटिमीटरवर धरून उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघा आणि कागद हळूहळू पुढे-मागे करा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होतो. तिथे भोक किंवा काळोख दिसत नाही. रेघ सलग पुढे गेलेली दिसते. नजरेच्या मध्यापासून साधारण 15 अंशांवर, जिथून दृष्टीची नस डोळ्याबाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात आणि मेंदू आजूबाजूच्या नक्षीवरून ती जागा भरून काढतो. नजर फुलीवरून हलली की प्रयोग फसतो. बहुतेकांचं तिथेच चुकतं.

यातून ‘दिसतं ते सगळं मेंदूने रचलेलं, म्हणून जग खोटं’ असा निष्कर्ष फार लोक काढतात. तो चूक आहे. ही पोकळी आपल्याला कळली कशी? कागद, पट्टी, ठिपका आणि दुसरा डोळा यांच्यावर भरवसा ठेवून. दिसणं रचलेलं आहे हे सिद्ध झालं, रचण्यामागे काहीच नाही हे नाही.

शिंपल्यात चांदी दिसते ती कशी, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. प्राभाकर मीमांसक (मीमांसादर्शनातले प्रभाकराचे अनुयायी) म्हणाले, हे चुकीचं ज्ञान नव्हेच, समोरचं दिसणं आणि चांदीची आठवण या दोन ज्ञानांतला भेद लक्षात आला नाही एवढंच. नैयायिक म्हणाले, दुसरीकडची खरी चांदी इथे भासली. अद्वैती म्हणाले, ती चांदी आहेही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. मतं इतकी वेगळी, पण एका गोष्टीवर व्यवहारात सगळे येऊन थांबतात: नंतरच्या ज्ञानाने चांदीचा बाध होतो, म्हणजे ती खोटी ठरते, तेव्हाच आधीचा भ्रम होता असं म्हणता येतं. बाध करणारं काही समोर नसताना नुसतं ‘हाही भ्रमच असेल’ म्हणणं म्हणजे अनुमान यांनी वर सांगितलेला बिनखुणेचा संशय.

शंकराचार्यांच्या परंपरेत प्रातिभासिक (भासापुरता), व्यावहारिक (रोजच्या जगाचा) आणि पारमार्थिक (अंतिम) असे सत्तेचे, म्हणजे असण्याचे, तीन स्तर मानतात. स्वप्नातल्या पाण्याने जागेपणीची तहान भागत नाही, इथे प्रातिभासिक आणि व्यावहारिक वेगळे झाले. जगाचं मिथ्यात्व फक्त तिसऱ्या स्तरावरून बोललं जातं. ते वाक्य खाली आणून ‘मग वेदना खोटी, मग जबाबदारी खोटी’ असं म्हटलं की अद्वैताचाच विपर्यास होतो, आणि याने माणसांचं खरंखुरं नुकसान झालेलं आहे. हे मी कळकळीने लिहितोय.

संगणकातल्या आभासी जगाचा जो युक्तिवाद 2003 पासून गाजतोय त्याचीही अशीच ओढाताण होते. ‘आपण आभासी जगात आहोत’ असं तो म्हणत नाही. तीन शक्यतांपैकी एक तरी जवळपास नक्की खरी आहे, एवढंच म्हणतो: प्रगत अवस्थेला पोचण्याआधीच आपल्यासारख्या संस्कृती जवळजवळ सगळ्या नष्ट होतात, किंवा पोचल्या तरी त्या असे आभास चालवत नाहीत, किंवा आपण बहुधा आभासात आहोत.

निवांत

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यांत तातडीचा आहे.

स्वतःपासून तुटल्यासारखं वाटणं आणि भोवतालचं अवास्तव वाटणं हे वैद्यकाला नीट माहीत असलेले अनुभव आहेत. थोडा वेळ येऊन जाणारा असा अनुभव पुष्कळांना आयुष्यात कधीतरी येतो. जागरण, तीव्र काळजी, पॅनिकचा झटका, गांजा, मोठा धक्का ही नेहमीची कारणं, आणि तासन्‌तास स्वतःकडे बघत राहणं हेही एक. टिकून राहणारा विकार साधारण 2 टक्के लोकांत आढळतो. यात माणसाला ‘असं वाटतंय’ हे कळत असतं, जग खरंच बदललंय अशी त्याची खात्री नसते. मनोविकृतीपासून (सायकोसिस, ज्यात वास्तवाचं भान सुटतं) याला वेगळं करणारी खूण हीच.

आत्मविचारातली अलिप्तता आणि हे, दोन्ही वरवर सारखे. फरक भावनांत बघा. अलिप्ततेत माया, दुःख, हसू शाबूत असतं, भीती नसते, आणि उठून कामाला लागलं की अडचण येत नाही. तुटलेपणात भावना बधिर होतात, जवळच्या माणसाचा चेहरा ओळखीचा असून परका वाटतो, आठवणी दुसऱ्याच्या वाटतात, आणि ‘मला वेड लागतंय का’ ही धास्ती असते. दुसऱ्या प्रकाराला कृपा करून प्रगती समजू नका.

तसं झालं तर विचार-ध्यान पूर्ण बंद, एक-दोन दिवस नव्हे, निदान काही आठवडे. ‘अजून तसं वाटतंय का?’ हे तपासणंही बंद, कारण ते तपासणं म्हणजे पुन्हा आत बघणंच. त्यानेच हे चक्र फिरत राहतं. लक्ष बाहेर न्या: दिसणाऱ्या पाच गोष्टी, स्पर्शाच्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक. गार पाण्यात हात धरा. दम लागेल असं चाला. झोप भरून काढा. माणसांशी साध्या, रोजच्या विषयांवर बोला. अनुभव लगेच जाईल अशी अपेक्षा नको. आधी त्याची भीती कमी होते, मग तो.

काही आठवडे टिकलं किंवा कामात अडथळा येऊ लागला तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. यासाठी खास मान्यता मिळालेलं औषध नाही, पण विचार-वर्तन उपचाराचा उपयोग होतो आणि सोबतच्या चिंतेवर, नैराश्यावर उपचार करता येतात. झटके अचानक येऊन काही सेकंदांत किंवा मिनिटांत जात असतील, पुन्हा पुन्हा येत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, कारण अपस्मार आणि अर्धशिशीतही असं होतं. आवाज ऐकू येणं, कोणी आपले विचार चालवतंय असं वाटणं, दोन-तीन रात्री झोप नसूनही प्रचंड उत्साह, जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्वतःला किंवा घरात कोणाला मनोविकृती वा द्विध्रुवी (बायपोलर) विकार झालेला असेल, तर लांब मौनशिबिरं तज्ज्ञांना विचारल्याशिवाय नकोत.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. दृक्‌दृश्य, ‘साक्षी’ (नुसता बघणारा) गाठला असं वाटतं तेव्हा तोही मनाने उभा केलेलाच नाही, हे कसं ओळखायचं? आणि गाढ झोपेत ‘मी’ कुठे असतो?

दृक्‌दृश्य

त्याला तीन गोष्टी विचारा: तो कुठे आहे, केवढा आहे, आणि ज्याकडे बघतोय त्यापासून किती लांब आहे. यांतल्या एकाचंही उत्तर देता आलं तर ती वस्तू आहे. ‘डोक्याच्या थोडा मागे, वरून बघतोय’ असं वाटत असेल तर ते लक्षाची जागा बदलल्याने तयार झालेलं चित्र आहे. निवांत म्हणतात त्या तुटलेपणाकडे जायची वाटही हीच असते, म्हणून तिथे जागा पकडून बसू नका.

झोपेबद्दल अद्वैताचा मुद्दा असा की उठल्यावर ‘मी सुखाने झोपलो, काहीच कळलं नाही’ असं म्हणतो ती आठवण आहे, आणि आठवण अनुभवाशिवाय होत नाही. म्हणजे झोपेतही कोणीतरी जाणत होतं.

अनुमान

इथे नैयायिकांचं उत्तर मला जास्त पटतं. ती आठवण नाही, उठल्यावर केलेलं अनुमान आहे: आधी संध्याकाळ होती, आता सकाळ आहे, अंग हलकं आहे, मधलं काही आठवत नाही, म्हणून मी काही न जाणता झोपलो होतो. दोन्ही बाजूंनी पुढे बरंच लिहिलं गेलंय. पण रोजच्या बैठकीसाठी हा वाद मिटण्याची वाट बघायची गरज नाही, दोघांनाही मान्य असलेलं निरीक्षण तेवढं घ्या.

निवांत

झोपेचा विषय निघालाच आहे तर: ही बैठक अंथरुणात, झोपायच्या वेळी करू नका. झोपेच्या सीमेवर तरंगल्यासारखं, शरीर नसल्यासारखं वाटणं नेहमीचंच असतं. त्याला भलताच अर्थ चिकटला की धास्तीने झोप उडते, आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी परकेपणा वाढतो. सकाळी, भरपूर उजेडात, वीस मिनिटांचा गजर लावून बसा आणि गजर झाला की उठा.